पुढच्या चाकाचा आवाज

“पुढच्या चाकातून कसला तरी आवाज येतो,” एवढेच सांगून मोटार गॅरेजात सोडणे म्हणजे “अंगात कुठेतरी दुखते” असे वैद्याला सांगून स्वस्थ बसण्यासारखे आहे. वैद्य जाणता असला तर उलट प्रश्न विचारील. नसला तर एकामागून एक औषधे देऊन पाहील. मोटारीच्या बाबतीत ही औषधे स्वस्त नसतात. बेअरिंग बदलले, शॉक अब्सॉर्बर बदलले, ब्रेकचे लायनर बदलले, आणि आवाज मात्र होता तेथेच, असे अनुभव पुष्कळांच्या पदरी आहेत. उलट आवाज खरोखरच बेअरिंगचा असला आणि त्याकडे दुर्लक्ष झाले, तर भरल्या गाडीचे चाक भर रस्त्यात डळमळू लागण्याचा धोका असतो.

अम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी अजूनही जिव्हाळ्याने सांभाळणारी कुटुंबे देशात सर्वत्र आहेत. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अम्बॅसेडर बाहेर पडणे २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची टॅक्सीही २०२३ साली निवृत्त झाली. नुसत्या कानाने या गाड्यांचा रोग ओळखणारे मिस्त्री आता शोधावे लागतात. तेव्हा निदानाचा पहिला भाग घरच्या मंडळींनीच करावा हे बरे.

यासाठी पाना लगेच हाती घेण्याचे कारण नाही. आवाज कशाबरोबर बदलतो, एवढेच आधी पाहावयाचे. एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने शेजारी बसून ऐकावे. चालविणाऱ्याने लक्ष रस्त्याकडेच ठेवावे. घरात मुले असतील तर त्यांना अवश्य बरोबर घ्यावे, कारण वयाबरोबर आपल्या कानांना उंच स्वर कमी ऐकू येऊ लागतात. काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेने सावकाश गेल्यास भिंतीवरून परतलेला आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो.

या गाड्यांच्या चाकाचा परीघ जवळजवळ २ मीटर असतो. म्हणजे ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने, घाईने चालणाऱ्या माणसाच्या गतीने, गाडी नेली तर चाकाचा एक फेरा एका सेकंदात होतो. ‘टक्’ असा आवाज सेकंदाला एकदाच येत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे: टायरच्या खाचेत अडकलेला खडा, रुतलेला खिळा, सैल हबकॅप किंवा ढिला नट. नटांची तपासणी त्याच जागी, पुढे एक पाऊलही न जाता करावी. आवाज केवळ खड्ड्यातून जाताना येत असेल, तर फिरणाऱ्या भागांना दोष न देता झिजलेले रबरी बुश किंवा शॉक अब्सॉर्बर पाहावेत. ब्रेक दाबताच खरखर होत असेल तर लायनर रिव्हेटपर्यंत झिजले असण्याचा संभव आहे. ड्रम उघडल्यावर आतील धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

खरा घोळ होतो तो घुमणाऱ्या आवाजाने. वेग वाढला की वाढणारा हा हुंकार बेअरिंगचाही असू शकतो व टायरचाही. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर बहुधा टायर. रस्ता बदलूनही तोच राहिला तर बेअरिंगवर संशय घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर लांबट वळणे घेऊनही पाहता येते. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर पडतो. त्या वेळी आवाज वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचे.

आमच्या शेजारच्या अम्बॅसेडरची दोन्ही पुढची बेअरिंगे एका गॅरेजात बदलण्यात आली होती, तरी हुंकार कायम. शेवटी पुढची चाके मागे व मागची पुढे लावून पाहिली, तो आवाजही मागे गेला! टायरवरून तळहात फिरविताच लाटांसारखे उंचसखल भाग हाताला लागले. पण नुसते टायर बदलून भागले नसते. टायर तसे झिजविणारा निकामी शॉक अब्सॉर्बर तेथेच होता.

बेअरिंगवरचा संशय पक्का करण्यासाठी चाक उचलावे लागते. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा व मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लावावेत. गाडी जॅकने उचलल्यावर चौकटीखाली भक्कम स्टँड ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातपाय घालू नयेत. आता चाकाला वर व खाली धरून हलवावे. खुळखुळ जाणवली तर दुसऱ्याला पायाने ब्रेक दाबून ठेवावयास सांगावे व पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ नाहीशी झाली तर ती बेअरिंगची. तशीच राहिली तर किंगपिन किंवा सस्पेन्शनचे सांधे झिजलेले आहेत. या एका चाचणीने कितीतरी अनावश्यक खर्च वाचतो, आणि ती करण्यास माणसे दोनच लागतात. नंतर ब्रेक सोडून चाक हाताने सावकाश फिरवावे. खुळखुळ नसूनही करकर किंवा अडखळ जाणवली, तर बेअरिंगचे पृष्ठभाग खराब झाले आहेत. नुसत्या ग्रीसने ते सुधारत नाहीत.

बेअरिंग बसविण्याचे काम मिस्त्रीवरच सोपवावे. मात्र समोर उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. आवाज बंद व्हावा म्हणून मधला नट वाजवीपेक्षा आवळला जात नाही ना, कारण तसे केल्यास नवे बेअरिंगही तापून जळते. आणि नटाला अडकविलेली कॉटर पिन नवी आहे ना. त्यानंतर सुमारे ५० किलोमीटर गाडी धावली की चाकाचे नट पुन्हा एकवार पान्याने कसून पाहावेत.