थोरल्या घरचा ट्रॅक्टर

गेल्या दसऱ्याच्या आधी तळवड्याहून दादाचा फोन आला, "जरा येऊन जा. पोरगं माझं ऐकत नाही."

मंडळी, मी पडलो पेन्शनर. सारा जन्म लेथपाशी गेला, त्यामुळे नात्यात कोणाचा मिक्सर बिघडला तरी हाक मलाच! पण दादाचा आवाज आज निराळा होता. आमच्या सौ. म्हणाल्या, "भाजी राहू द्या. आधी जाऊन या."

तळवडे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि मग आयटी पार्क, कारखान्यांच्या शेड असे सारेच येत गेले. त्या गर्दीत दादाचा पेरूचा एवढासा मळा आणि झेंडूच्या चार ओळी तेवढ्या टिकून आहेत.

भांडण ट्रॅक्टरचे होते. वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर ऐन झेंडूच्या हंगामात बसला होता. कंपनी सांगत नाही. चाळीस वर्षे राबलेल्या गड्याला या वयात नावे काय ठेवायची? पूर्वी कुदळवाडीच्या भंगारात एक फेरी मारली की हवा तो भाग हाती लागे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली आणि तीही वाट बंद झाली. पुतण्याला लहान ट्रॅक्टर हवा होता. दादाचे एकच पालुपद, "जुन्यासारखं लोखंड आता मिळत नाही!"

मी दोघांना ओसरीवर बसवले.

"दादा, जुने म्हणजे कोणते? फरिदाबादला १९५९ पासून बनू लागलेला आयशर घे. एक सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारा. रेडिएटरच नाही, तर तो गळणार कुठून? पण एकाच सिलिंडरची धडधड फार. पिंजोरला एचएमटीने १९७१ पासून बनवलेला पंचवीस अश्वशक्तीचा झेटर दोन सिलिंडरचा, चालायला नरम. पण २०१६ मध्ये सरकारने तो कारखानाच बंद करायचे ठरवले. १९७४ चा स्वराज ७२४ दुर्गापूरच्या सरकारी संस्थेत आखलेला, मोहालीत बनलेला. ते नाव आजही बाजारात आहे, म्हणून भाग मिळायची सोय. यांत लोखंड कोणाचेच वाईट नव्हते. भरवसा निम्मा लोखंडात असतो आणि निम्मा हाकेच्या अंतरावरच्या मिस्त्रीत."

"आणि हा म्हणतो ते लहान?"

"महिंद्रचा युवराज २१५ पंधरा अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा. व्हीएसटीचा एमटी १८० साडेअठराचा, तीन सिलिंडरचा. खोल नांगरटीला दमतील. पण पेरूच्या ओळींतून फिरायला, फवारणीला पुरेत."

दादा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "अरे, ट्रॅक्टर विकला की लोक विचारतील, जमीन कधी विकता?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुतण्या खाली मान घालून म्हणाला, "आबा, जमीन ठेवायची आहे म्हणूनच तर लहान मागतोय. विकायची असती तर बंद ट्रॅक्टर मला काय नडला होता?"

दादाने उत्तर दिले नाही. आत जाऊन टोपी तेवढी घालून आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चाकणच्या बाजूला एक जुना लहान ट्रॅक्टर पाहायला गेलो. वाचकांपैकी कोणाला कधी अशी खरेदी करायची असेल, तर मालकाला आधीच बजावावे, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. तापवून ठेवलेले इंजिन लबाडी करते. गारठलेले खरे बोलते. निळा धूर येत राहिला तर ते तेल खाते आहे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. मागे अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते लगेच खाली बसू लागले तर हायड्रॉलिक थकले समजावे.

बॉनेटवर हात ठेवून दादाने खात्री केली; गार होते. पुतण्याने चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा लागले. धूर काळसर आला, थोड्या वेळात विरला. दादा वाकून कान देत राहिला आणि म्हणाला, "बरा बोलतोय."

पाडव्याला आम्ही सारे तळवड्याला होतो. वहिनींनी नव्या गड्याला ओवाळले. जुना पेरूखाली उभा होता. त्याच्यापुढेही एक पणती होती. ती कोणी ठेवली, हे मी विचारले नाही. दादाचे बोट मात्र तेलकट होते.