विश्लेषण : उत्क्रांती वर्गात ‘पाहता’ येते का?

तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनातून तो खोडून काढला. मात्र ‘पाहिले कुणी?’ हा प्रश्न दहावीतले मूलही विचारू शकते. त्याचे उत्तर पाठांतरातून मिळत नाही.

पुस्तकात काय आहे?

राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावी विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. एनसीईआरटीने मात्र २०२२-२३ पासून अभ्यासक्रम कमी करताना दहावीतून उत्क्रांती वगळली. पण धडा असला म्हणजे विषय कळतोच असे नाही.

शहराबाहेर काय दिसते?

कपाशी. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली; २००६ मध्ये दोन बीटी जनुकांचे वाण आले. २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात गुलाबी बोंडअळीने हीच बोंडे पोखरली. ‘अळीला विषाची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. ते चूक आहे. विषाला दाद न देणारी जनुके मोजक्या अळ्यांत आधीच होती. बाकीच्या मेल्या, या वाचल्या आणि यांचीच पिढी वाढली. हीच नैसर्गिक निवड.

वर्गात कसे करायचे?

ताटात ९६ मूग आणि ४ चवळीचे दाणे घ्यायचे. मूग म्हणजे बीटीने मरणारी अळी, चवळी म्हणजे तगणारी. प्रत्येक फेरीत तीन चतुर्थांश मूग काढायचे आणि उरलेले सगळे दाणे दुप्पट करायचे. तीन फेऱ्यांनंतर मूग १२, चवळी ३२! मुलांनी आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचे, तक्ता मांडायचा आणि निष्कर्षावर वाद घालायचा. पुढचा प्रश्न : दर फेरीत बाहेरून मूग मिसळले तर? बीटीसोबत साधी कपाशीही का लावली जाते, ते इथे उमगते. एकाही मुगाची चवळी झाली नाही. बदलले ते प्रमाण.

एवढे पुरेसे आहे का?

नाही. माणूस आजच्या माकडापासून झाला, असे हा सिद्धांत म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज समान होते, असे म्हणतो. त्याचे पुरावे जीवाश्मांत आणि डीएनएत आहेत. दाण्यांचा खेळ पुरावा तपासायची सवय लावतो. त्याला प्रयोगशाळा नको, दोन तासिका हव्यात. त्या शाळांनी द्यायलाच हव्यात. ज्यांच्या घरचे पीक बोंडअळीने नेले, त्या मुलांना त्यामागचे कारण कळायला हवे.