पितळी दिवा किती घासायचा?

दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. पण पुणेकरांना ते ठाऊक आहेत ते शुक्रवार पेठेतल्या संग्रहालयामुळे. जुन्या दिव्यांचा त्यांना विशेष नाद. त्यांवर त्यांनी लिहिलेलं ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने 1961 मध्ये काढलं. 1975 मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. त्यातला एखादा लामणदिवा दर दिवाळीला चिंच-मिठाने खसाखसा घासला गेला असता, तर त्यावरच्या कोरीवकामाचं काय झालं असतं?

घराघरांत नेमकं तेच चालतं. देवापुढची समई, आजीच्या माहेरचा लामणदिवा आणि दिवाणखान्यातला विजेचा पितळी दिवा, तिघांनाही एकच उपचार : लकाकेपर्यंत घासा. हा हट्ट आता सोडायला हवा.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेमुळे, दमटपणामुळे त्यावर तपकिरी थर चढतो. तो डोळ्यांना खुपतो एवढंच. धातूचं त्याने फारसं बिघडत नाही. काळजी करायची ती हिरव्या, भुरभुरीत डागांची. गंमत अशी, की हे डाग अनेकदा स्वच्छतेतूनच येतात. लिंबू-मीठ चोळून दिवा नीट धुतला नाही, तर नक्षीच्या खाचांत अडकलेलं मीठ तिथं गंज धरवतं. आणि चिंचेच्या कोळात दिवा तासन् तास बुडवून ठेवला, तर आम्लामुळे पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं व पितळ तांबूस दिसू लागतं. पुष्कळांना तीच ‘खरी चमक’ वाटते!

अमोनियाचा धोका आणखी वेगळा. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया त्यामागे होता, याचा उलगडा 1921 मध्ये झाला. त्यामुळे काच पुसायचा अमोनियायुक्त फवारा पितळी दिव्यावर मारू नये.

रोज तेल-वात होणारी समई खुशाल घासावी, ती वापरायचीच वस्तू. तेलाचा चिकटा आधी गरम पाण्याने आणि रिठ्याने काढला, की निम्मं काम होतं. मात्र जुन्या कोरीव दिव्याला मऊ ब्रश, रिठ्याचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं पुरे.

विजेच्या दिव्यांची गोष्ट निराळी. आधी मेन स्विच बंद. मग लोहचुंबक लावून पाहावं : चिकटला, तर आत लोखंड आणि वर नुसता पितळी मुलामा आहे, पावडरने तो उडेल. बाजारातल्या बऱ्याच दिव्यांवर पारदर्शक लॅकरही असतं. ते शाबूत असेल तर ओलसर कापड पुरतं. घासलं तर ते जागोजागी निघतं आणि पितळ ठिपक्या-ठिपक्यांनी काळवंडतं. लॅकर नसलेल्या पितळेला, तापणारा भाग सोडून, मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल नको, धूळ धरतं.

दिवा पॉलिशला दुकानात दिलाच, तर कोरीवकामावर बफिंगचं चाक फिरवू नका असं बजावून सांगा. वर लॅकर मारणार का, हेही आधीच विचारा. वात जळणाऱ्या समईला ते नकोच.