मुलाचे वागणे आणि मोठ्यांनी लावलेले कारण

मूल रडले, अडून बसले किंवा सांगितलेले काम त्याने केले नाही की त्याला जवळ घ्यायचे, समजवायचे की रट्टा द्यायचा, हे त्या वागण्याचे कोणते कारण पालकांच्या मनात आधी उमटते यावर पुष्कळसे ठरते. दुसऱ्याच्या कृतीमागचे कारण ठरवण्याच्या मनाच्या या व्यापाराला मानसशास्त्रात कारणारोपण म्हणतात. फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याच्या अभ्यासाचा पाया घातला, तर ली रॉस यांनी १९७७ मध्ये त्यातली एक मूलभूत चूक नेमकी मांडली: इतरांच्या कृतीचा अर्थ लावताना माणूस परिस्थितीला कमी आणि स्वभावाला अवाजवी महत्त्व देतो. ‘लेकरू हट्टी आहे’ हे वाक्य घरोघरी इतक्या सहज उच्चारले जाते, ते याच सवयीमुळे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या चिमूर तालुक्यातल्या, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या गावांत ही परिस्थिती कशाकशाने घडते, हे पाहण्यासारखे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला उजाडायच्या आत रानात जावे लागते, त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो आणि पावसाळा लागला की धानाची रोवणी. या प्रत्येक हंगामात आई पहाटे घराबाहेर पडते आणि थकून परतते. आई दिसेनाशी झाली की घाबरणे, म्हणजे ज्याला विलगतेची भीती म्हणतात ते, वर्ष-दीड वर्षाच्या मुलात वाढीचाच भाग असते. परंतु त्याहून मोठे, चार-पाच वर्षांचे मूल मोहाच्या दिवसांत आईचा पदर सोडत नसेल, तर त्याने घरात वाघाविषयी काय ऐकले आहे याचाही विचार करावा लागतो. शेजारच्या गावात वाघाने माणूस मारल्याची चर्चा मोठी माणसे मुलांसमोरच करतात, आणि मूल ती समजून घेते. त्याची भीती खरी असते. दिवसाची मजुरी बुडेल या चिंतेत असलेल्या आईला मात्र ती भीती हट्टासारखी दिसते, आणि यात तिला दोष देणे अन्यायाचे आहे; कारण शोधायला जी उसंत लागते तीच तिच्याकडे नसते.

काही कारणे शरीरातच दडलेली असतात. सिकलसेल या आनुवंशिक आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत असह्य कळा उठतात. विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दोन दुखण्यांच्या मधल्या काळात असे मूल वरवर ठीक दिसते, लवकर दमते, खेळातून बाजूला बसते आणि आळशी ठरते. कान वाहणारे मूल हाक मारली तरी वळत नाही, म्हणून ते उद्धट ठरते. रक्तक्षयामुळे चिडचिडे आणि मंद झालेल्या मुलाची गतही निराळी नाही.

लहानग्याच्या वागण्याचा अर्थ लावणे शिकवता येते, याचा भक्कम पुरावा याच भागाने जगाला दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. आधी चांगले रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले, दूध ओढणे मंदावले, हातपाय ढिले पडले, तर ते बाळ ‘गरीब’ किंवा ‘झोपाळू’ नसून त्याच्या शरीरात जंतुसंसर्ग पसरत असू शकतो, हे त्या ओळखू लागल्या. आयांनाही बाळाची काळजी आणि धोक्याची लक्षणे समजावून दिली गेली. हा उपक्रम नसलेल्या नियंत्रण गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या यशात औषधांचा वाटा मोठा आहेच. पण औषध देण्याआधी कोणीतरी बाळाकडे नीट पाहिले होते, आणि पालकशिक्षणाच्या दृष्टीने तोच भाग मोलाचा आहे.

हा मार्ग पुढे राष्ट्रीय कार्यक्रम झाला. २०११ पासून आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक दिवशी घरी जाऊन बाळ पाहू लागल्या आणि २०१८ पासून या भेटी पंधराव्या महिन्यापर्यंत वाढवण्यात आल्या. त्यानंतर ठरलेल्या गृहभेटी थांबतात. नेमक्या याच सुमारास मूल चालू लागते, नकार देऊ लागते, जमिनीवर लोळण घेते आणि त्याच्या वागण्याचा अर्थ लावणे सर्वांत कठीण होते. पुढची जबाबदारी अंगणवाडीकडे येते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा दिला आहे. पण पोषण आहार, वजने आणि नोंदी यांनी वेढलेल्या सेविकेला पालकांशी निवांत बोलायला वेळ मिळाला नाही, तर हा आराखडा कागदावरच राहील.

पालकांना कारणे शोधायला शिकवू पाहणाऱ्या संस्थाही पालकांविषयी परिस्थितीऐवजी स्वभावाला दोष देण्याची तीच चूक करतात, हे अधिक खटकणारे आहे. बैठकीला न आलेली आई ‘बेफिकीर’ ठरते, रोवणीच्या दिवसांत बैठक कोणी ठेवली हे विचारले जात नाही. माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसले की ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ असा शेरा मिळतो. घरची भाषा आणि वर्गाची भाषा यांतले अंतर त्या शेऱ्यात येत नाही. म्हणून पालकशिक्षणाची सुरुवात उपदेशाने न करता चौकशीने करावी: लेकरू काल किती झोपले, काय जेवले, कुठे दुखते का, कान वाहतो का, घरात किंवा गावात नुकते काय घडले. ही चौकशी कामाचा हंगाम सांभाळून, सायंकाळी, गावाच्या बोलीत व्हावी, आणि आश्रमशाळेतून पळून घरी गेलेल्या मुलाच्या नावापुढे काही लिहिण्याआधी अधीक्षकांनीही ती करावी.