चिखलाचं रक्त आणि चार घरं



वडवणीतल्या आमच्या वाचनगटाने हॅरी पॉटरचे सातही भाग वाचायला घेतले, तेव्हा चळवळीतल्याच काही ज्येष्ठांनी नाकं मुरडली. आक्षेप दोन होते. पहिला असा की, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या पोरांनी जादूटोण्याची पुस्तकं वाचायची म्हणजे मागच्या दाराने भानामती घरात आणायची. दुसरा आक्षेप म्हणजे ही इंग्रजी शाळेतल्या खात्यापित्या घरच्या पोरांची पुस्तकं, आपल्याला त्यांचा काय उपयोग? एवढ्या वेळात पोलीस भरतीचे चार पेपर सोडवून होतील.

दुसऱ्या आक्षेपाला फार वेळ देत नाही. ज्या माणसाने घर बांधतानाच त्यात पुस्तकांची सोय केली, त्याच्या अनुयायांनी 'हे आपल्यासाठी नाही' असं एखाद्या पुस्तकाबद्दल म्हणावं, हेच मुळात चमत्कारिक आहे. 'हे तुमच्यासाठी नाही' हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी खूप ऐकलंय. ते आता आपणच आपल्या पोरांना ऐकवायचं का?

पहिला आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण मराठवाड्यात भानामती ही गोष्टीतली गोष्ट नाही. गावात कुणाची म्हैस आटली, कुणाचं लेकरू दगावलं की बोट कुणाकडे जातं हे आपल्याला माहीत आहे. ते विधवेकडे जातं, एकट्या बाईकडे जातं, वस्तीतल्या माणसाकडे जातं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्याने करणी केली असा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हा आता गुन्हा आहे. पण हा कायदा दाव्याविरुद्ध आहे, कथेविरुद्ध नाही. बुवा म्हणतो, 'माझ्या अंगात शक्ती आहे, पैसे ठेव.' कादंबरीकार पहिल्या पानापासून कबूल करतो की हे मी रचलेलं आहे. बुवा प्रश्न विचारू देत नाही. कादंबरीला हवे तेवढे प्रश्न विचारता येतात. आम्ही तेच केलं.

पहिला प्रश्न असा: या जादूच्या जगात जादू येते कुणाला? अभ्यास केला म्हणून येत नाही. ती जन्माने येते. ज्याच्या रक्तात आहे त्याला शाळेचं पत्र येतं, ज्याच्या रक्तात नाही त्याने आयुष्यभर घोकंपट्टी केली तरी काठीतून ठिणगी निघत नाही. शाळेचा राखणदार फिल्च हा जादूगारांच्या घरात जन्मलेला, पण जादू नसलेला माणूस. तो चोरून पोस्टाने जादूचा अभ्यासक्रम मागवतो. पुस्तकात हा विनोदाचा प्रसंग आहे. आम्हाला हसू आलं नाही.

विज्ञानाचं याच्या बरोबर उलट आहे. विज्ञान वडिलांचं नाव विचारत नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीला सोबत घेऊन ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून दिल्या आणि कोणती कुणाची ते सांगा म्हणाले. निकाल काय लागला? नाणं उडवून छापा-काटा करावा तसा. ही चाचणी वडवणीतलं बारावीचं पोरगंही पुन्हा करून बघू शकतं. तिला मंत्र लागत नाही, गोत्र लागत नाही. ब्राह्मणी ज्ञानव्यवस्था ही या अर्थाने जादूची व्यवस्था होती: अधिकार असेल तरच मंत्र फळतो, नसेल तर ऐकणाऱ्याच्या कानात शिसं. म्हणून जादूची गोष्ट वाचणं आणि व्यवस्थेचं रक्तशास्त्र समजून घेणं ही आमच्या लेखी दोन वेगळी कामं उरली नाहीत.

हर्मायनी घ्या. आईबाप दाताचे डॉक्टर, घरात जादूचा मागमूस नाही, आणि वर्गात पहिला नंबर. तिला खानदानी मालफॉय 'मडब्लड' म्हणतो, म्हणजे चिखलाचं रक्त. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण सातव्या भागात याच्या पुढची पायरी येते, तिच्यावर आमच्या गटात सगळ्यात गरम चर्चा झाली. शुद्ध रक्तवाल्यांची सत्ता येते आणि सरकार एक आयोग बसवतं. सामान्य घरात जन्मलेल्या प्रत्येक जादूगाराने तिथे हजर व्हायचं आणि सांगायचं की ही जादू तू कुणाकडून चोरलीस, ही छडी कुणाची हिसकावलीस. ज्या बाईने दुकानातून स्वतःची छडी घेतली तिलाही हाच प्रश्न.

आता सांगा, हा प्रश्न आपल्या कोणत्या मुलाला विचारला गेलेला नाही? 'कितव्या रँकला लागलास?' 'कुणाची सीट खाल्लीस?' हैदराबादच्या विद्यापीठात 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला. मुंबईत 22 मे 2019 ला डॉ. पायल तडवी गेली, आणि जातीवरून छळ झाल्याचा तिच्या घरच्यांचा आरोप न्यायालयात आहे. 'मेरिट' नावाची जी गोष्ट आपल्यासमोर नाचवली जाते, तिचा गाभा हाच आहे: गुण आमच्या रक्तात असतात, तुमच्याकडे दिसले तर ते चोरीचे.

इथपर्यंत लेखिका आपल्या बाजूची वाटते. पुढे मात्र तिला जाब विचारावा लागतो. (ट्रान्स व्यक्तींबद्दलची तिची जाहीर मतं आम्हाला मान्य नाहीत, तो मुद्दा वेगळा. इथे पुस्तकापुरतं बोलू.)

शाळेत चार घरं आहेत. अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टोपी ठेवतात आणि टोपी ठरवते: शूर असेल तर एक घर, बुद्धिमान असेल तर दुसरं, कष्टाळू असेल तर तिसरं, धूर्त आणि महत्त्वाकांक्षी असेल तर चौथं. जन्माने नाही हं, गुणाने! हा युक्तिवाद कुठे ऐकल्यासारखा वाटतो? चातुर्वर्ण्य मुळात गुणकर्मावर होतं, पुढे बिघडलं, हे आर्यसमाजी आणि गांधीवादी सांगत होतेच. 1936 सालच्या 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी या गुणकर्मवाल्या चातुर्वर्ण्याचीच चिरफाड केली आहे. माणसं चार कप्प्यांत बसत नाहीत. एकाच माणसात अनेक गुण असतात आणि ते बदलत राहतात. प्लेटोनेही तीन वर्ग पाडले होते, तोही तिथेच फसला. आणि हे कप्पे टिकवायचे तर शेवटी दंड लागतो, म्हणून शंबूकाचं डोकं उडवावं लागतं. आता हॉगवर्ट्सकडे पाहा. वीझली घरातली सगळी भावंडं एकाच घरात, मालफॉय बाप-लेक एकाच घरात. टोपी गुण पाहते म्हणे, पण निकाल मात्र बऱ्याचदा खानदानाप्रमाणेच लागतो. पाचव्या भागात खुद्द टोपीलाच शंका येते की ही वाटणी घातक आहे. तरी शाळा टोपी काढत नाही, आणि सातव्या भागाच्या शेवटी पुढच्या पिढीची पोरं त्याच टोपीखाली बसायला निघतात.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते हाउस एल्फपाशी. ही घरगड्यांची जमात. पिढ्यानपिढ्या एका घराला बांधलेली, मजुरी नाही, सुट्टी नाही, अंगावर फडकं. चूक झाली तर ते स्वतःच स्वतःला शिक्षा करतात. मालकाने कपडा दिला तरच सुटका. हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात असे शंभरावर एल्फ राबतात आणि मुलांना तीन वर्षं पत्ताच नाही की ताटातलं जेवण येतं कुठून. हर्मायनीला कळतं तेव्हा ती ताट दूर सारते. (दुसऱ्या दिवशी जेवायला लागते, पण संघटना काढते.) डॉबी नावाचा सुटलेला एल्फ पगार मागतो. हेडमास्तर आठवड्याला दहा मोहरा आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात. डॉबीच घासाघीस करून ते एका मोहरेवर आणि महिन्यातल्या एका सुट्टीवर आणतो. आणि विंकी नावाची एल्फ कामावरून काढल्यावर रडते, पिऊन पडते.

'गुलामांनाच गुलामी आवडते' असं दाखवून लेखिका मोकळी होते, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं पडलं. त्यावर एक मुलगी बोलली, तिचे आईवडील दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन जातात. ती म्हणाली, "आवडत नसतं. सुटल्यावर जायचं कुठं, हे माहीत नसतं." मुकादमाची उचल अंगावर असलेला माणूस पट्टा पडला की हिशेबाला बसतो आणि पुढच्या हंगामाची उचल घेऊनच उठतो. आमच्या बीड जिल्ह्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. दोन माणसांचं एक हत्यार! विंकीला रडताना पाहून हसायचं की तिच्यासाठी जमीन आणि पर्यायी काम मागायचं, हा प्रश्न लेखिकेने विचारलाच नाही. बाबासाहेबांनी तो विचारला होता.

हर्मायनीच्या संघटनेत एकही एल्फ नाही. ती टोप्या विणून लपवून ठेवते, म्हणजे बिचारे नकळत स्वतंत्र होतील. एल्फना याचा एवढा संताप येतो की ते ती खोली झाडायचंच सोडतात. पुणे करारानंतर 1932 मध्ये निघालेल्या हरिजन सेवक संघाची आठवण इथे न येईल तरच नवल. अस्पृश्यांचा उद्धार करायचा, पण कारभार सवर्णांच्या हाती, कारण प्रायश्चित्त त्यांना घ्यायचंय! बाबासाहेब त्यातून बाहेर पडले. महाडला 20 मार्च 1927 रोजी ओंजळीत पाणी घेतलं ते कुणी मोजा फेकला म्हणून नाही. तो हक्क होता.

आणि कळस पुढेच आहे. शुद्ध रक्तवाल्यांशी लढाई जिंकली, खलनायक मेला, आणि आपला नायक पलंगाकडे जाता जाता विचार करतो की क्रीचर, म्हणजे त्याच्या मालकीचा एल्फ, सँडविच आणून देईल का. मालक चांगला निघाला, नोकर खूश झाला, प्रश्न मिटला. यालाच आपल्याकडे समरसता म्हणतात. पाचव्या भागात मंत्रालयात एक सोन्याचं कारंजं आहे: जादूगार उभा, आणि भोवती एल्फ, गॉब्लिन, सेंटॉर त्याच्याकडे कौतुकाने बघतायत. हे कारंजं खोटं बोलत होतं, असं हेडमास्तर त्याच भागात म्हणतात. लेखिकेला कारंज्याचं खोटं दिसलं, सँडविचचं दिसलं नाही.

मग अशी पुस्तकं का वाचायची? बाबासाहेबांनी रामायण-महाभारत-पुराणं जाळून टाकून विषय संपवला नाही. मनुस्मृती जाळली, कारण ती कायदा म्हणून चालत होती. महाकाव्यं मात्र त्यांनी ओळ न् ओळ वाचली आणि त्यांना प्रश्न विचारले. त्या प्रश्नांचं पुस्तक, 'रिडल्स इन हिंदुइझम', महाराष्ट्र शासनाने 1987 मध्ये छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि ते वाचवायला 1988 च्या फेब्रुवारीत मुंबईत आपली माणसं रस्त्यावर उतरली. पुस्तकाला प्रश्न विचारण्याच्या हक्कासाठी निघालेला एवढा मोठा मोर्चा आम्हाला तरी दुसरा माहीत नाही.

ती मुलगी आता विंकीच्या बाजूने गोष्ट लिहितेय. तिच्या गोष्टीत विंकी कारखान्याच्या तळावर पोचली आहे आणि मुकादमाच्या वहीतला हिशेब वाचायला शिकते आहे. शाळेचं पत्र कुणालाच येत नाही, शाळाच तळावर येते. टोपी अजून तिने ठेवलेली नाही. ठेवू नकोस, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलंय. ती म्हणते, ठेवून मग फाडायची आहे.