नवी हायक्रॉस आणि घरचा ताळेबंद

गेल्या महिन्यात खंडाळ्यास आमच्या मूळ घरी गेलो होतो. लोणंदला कांद्याची आडत सांभाळणारा पुतण्या एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आला व म्हणाला, "काका, आपली क्रिस्टा काढून हायक्रॉस घ्यावी म्हणतो. पहिला हप्ता दुकानाच्या सीसी खात्यातून भरतो, उरलेले कर्ज. तुमचे मत काय?" बँकेत असताना असंख्य कर्जप्रकरणे तपासली. त्या सवयीने मी त्याला दोनच प्रश्न विचारले. या गाडीत नेमके बदलले काय, आणि त्या बदलांपैकी आपल्या उपयोगाचे किती?

आपल्या व्यापारी घरांना या गाडीचे कूळ परिचित आहे. २००० साली क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा आणि २०१६ मध्ये क्रिस्टा. या सर्वांचा सांगाडा मालमोटारीसारखा, भक्कम शिडीच्या चौकटीवर उभा, आणि ओढ मागच्या चाकांना. नोव्हेंबर २०२२ मध्ये सादर झालेल्या हायक्रॉसने ही परंपरा मोडली. तिची वेगळी चौकट नाही. तळ व अंग एकसंध आहे. ओढ पुढच्या चाकांना आली, डिझेल इंजिन जाऊन दोन लिटरचे पेट्रोल इंजिन आले आणि त्याच्या जोडीस विजेची मोटार व बॅटरी. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २७५० वरून २८५० मिलिमीटर झाले. नाव इनोव्हाचे राहिले तरी मुळात ही दुसरीच गाडी होय.

एक सावधगिरी येथेच सांगतो. हायक्रॉस म्हटले की हायब्रिडच, असे नव्हे. खालच्या प्रतींत केवळ पेट्रोल इंजिन असते. मागणी नोंदवताना हायब्रिड हा शब्द कागदावर आहे की नाही, हे पाहावे.

चाचणीसाठी आम्ही खंडाळ्याहून खंबाटकी घाट चढून सुरूरपर्यंत गेलो आणि परत येताना बोगद्यातून आलो. सोबत माझ्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. घाट चढताना जोर दिला की इंजिनाचा आवाज काहीसा वाढतो. क्रिस्टाच्या डिझेलची ती खालची दमदार ओढ येथे नाही. उतारावर मात्र पाय उचलताच मोटार उलट काम करू लागते. एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती वीज होऊन बॅटरीत साठते आणि पुढे संथ वाहतुकीत इंजिन बंद ठेवून गाडी तीवर सरकते. तिला बाहेरून चार्जिंग लागत नाही. म्हणूनच हायब्रिडचा खरा लाभ थांबत-थांबत जाणाऱ्या शहरी रहदारीत अधिक आणि एकसारख्या वेगाच्या महामार्गावर कमी.

आता जमाखर्च. अधिकृत चाचणीतील आकडा लिटरमागे २३.२४ किलोमीटर आहे. भरलेल्या गाडीने घाटरस्त्यावर तो मिळेल असे धरू नये. समजा, वर्षाचा प्रवास १२,००० किलोमीटर. डिझेल गाडी १२ चा सरासरी देते व डिझेल ९० रुपये, तर खर्च ९०,०००. हायब्रिड १६ देते व पेट्रोल १०४ रुपये, तर खर्च ७८,०००. बचत वर्षाला १२,००० रुपये. उलट १५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच सव्वा लाखाच्या आसपास जाते. केवळ इंधन वाचवण्यासाठी चालती गाडी विकणे, हा व्यवहार जमत नाही.

कराचेही तसेच. एका विक्री प्रतिनिधीने, "फर्मच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळेल," असे सांगितले. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर सामान्य व्यापाऱ्यास जमाकर मिळत नाही. प्रवासी वाहतूक, वाहनविक्री वा वाहनप्रशिक्षण हाच धंदा असेल तरच मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे आणि तो खर्चातच धरावयाचा.

अलंकारांविषयी थोडे. वरच्या प्रतीत काचेचे मोठे छत, पाय पसरण्याची सोय असलेली आसने, आपोआप उघडणारा मागचा दरवाजा आहे. पण मधल्या रांगेत स्वतंत्र आसने घेतली की आठाऐवजी सातच जण बसतात आणि आमच्या घरी आठवा माणूस नेहमीच असतो. आसने व स्टिअरिंगचे आवरण कशाचे, प्राण्याच्या चामड्याचे की कृत्रिम, हे प्रत्येक प्रतीसाठी लेखी विचारून घ्यावे. आपल्या घरांत हा प्रश्न गौण नाही.

मग घ्यावी तरी कशासाठी? उत्तर सुरूरला मिळाले. क्रिस्टाची पायरी उंच. वहिनींना दोघांनी उचलून बसवावे लागे. त्याचा संकोच वाटून त्यांनी दोन वर्षांपासून बाहेर पडणेच सोडले होते. चहासाठी थांबलो, तेव्हा या गाडीतून त्या स्वतः उतरल्या आणि कोणाचा हात न धरता पुन्हा बसल्या. चौकट गेल्याने खाली आलेल्या तळाची ही किंमत कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नव्हती. परतीच्या वाटेवर पुतण्या फारसे बोलला नाही.

रात्री वही घेऊन बसलो. सीसी हे खेळते भांडवल आहे. मालासाठी घेतलेला पैसा चार चाकांत अडकला, तर ऐन हंगामात शेतकऱ्याची पट्टी थकते. आडत्याची पत पट्टी वेळेवर देण्यात आहे, दारातल्या गाडीत नाही. तेव्हा ठरले असे : हंगाम संपेपर्यंत खरेदी नाही. नंतर घरच्या बचतीतून निम्मी रक्कम, उरलेली मुदतकर्जाने. आठ आसनांची मधली हायब्रिड प्रत, काचेच्या छताविना. हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षे वा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर असल्याने कर्जाची मुदत सात वर्षांच्या आतच ठेवायची.

ज्यांना रोज खडबडीत वाटेने भरलेली गाडी न्यावी लागते, त्यांनी शिडीच्या चौकटीची क्रिस्टाच ठेवावी, असे माझे मत आहे. इतरांनी माहितीपत्रक मिटून घरातील सर्वांत वयस्कर माणसाला आधी गाडीत बसवून पाहावे.