रुमाल कुणाच्या हातावर?



ताडकळसच्या बैठकीत आम्ही फोन चोरून ऐकण्याचा विषय काढला, तेव्हा एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "साहेब, ऐकू द्या की! कापसाचा भाव इचारतो, लेकीची खुशाली इचारतो. आपल्याकडं लपवायला हाय काय?" बैठक हसली, आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही. लपवायला काही नाही, हे शेतकऱ्याला कुणी पटवून दिले?

जुन्या आडतबाजाराची आठवण असणारी माणसे अजून आपल्यात आहेत. आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकायचे आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरवायचे. ज्वारीचा ढीग उघडा, भाव मात्र झाकलेला. पण त्या बाजारातही शेतकऱ्याजवळ झाकण्यासारखे पुष्कळ होते. पोरीच्या लग्नाची तारीख निघाली आहे, सोसायटीची नोटीस आली आहे, घरात पेरणीला पैसा नाही. यातले एक जरी व्यापाऱ्याला कळले तरी क्विंटलमागे भाव पडलाच म्हणून समजा. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. हे खोटे आहे. अक्कल असते, गरज उघडी पडलेली असते. तेव्हा खाजगीपण ही बंगल्यात राहणाऱ्यांची चैन नाही. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही, त्याचे ते शेवटचे भांडवल आहे.

अमजद खान कोण?

फोन ऐकले जातात ते दहशतवाद्यांचे आणि गुंडांचे, असे आपल्याला सांगितले जाते. मग हे प्रकरण ऐका. २०२१ च्या जुलैमध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितले की, २०१६-१७ मध्ये आपला फोन 'अमजद खान' या नावाने ऐकला गेला. त्या वेळी ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि शेतीच्या प्रश्नावर स्वतःच्या सरकारशी भांडत होते. बच्चू कडू यांच्या फोनसाठीही एक खोटे मुसलमानी नाव वापरल्याचे पुढे आले. कागदावर कारण काय, तर अमली पदार्थांचा व्यापार! शेतकऱ्यांची बाजू मांडणाऱ्याचा फोन ऐकायचा तर आधी त्याला कागदावर गर्दविक्या करावे लागते. आणि संशयित म्हणून नाव लिहायचे तर ते मुसलमानाचेच सुचते, हेही ध्यानात ठेवा.

पुढे काय झाले? सरकार बदलले. २०२२ मध्ये तत्कालीन पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. त्यांनी आरोप नाकारले. पुन्हा सरकार बदलले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. आमचे भांडण एका अधिकाऱ्याशी नाही. आमचा प्रश्न एवढाच की, ती खोटी नावे कागदावर आली कशी आणि त्यावर सही करणाऱ्याने पाहिले काय? याचे उत्तर ना त्या सरकारने जनतेला दिले, ना या सरकारने. गुन्हे दाखल करायला आणि मागे घ्यायला सगळ्यांना वेळ मिळाला. कायदा बदलायला कुणालाच मिळाला नाही.

कायदा इंग्रजांचा, सोय सगळ्यांची

तारा अडवून वाचण्याचा अधिकार इंग्रजाने १८८५ च्या तार कायद्यात स्वतःकडे घेतला. इंग्रज गेला, कलम राहिले. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल संघटनेच्या अर्जावर बजावले की, फोनवरचे बोलणे हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे; गृहसचिवाच्या आदेशाशिवाय ते ऐकता येणार नाही आणि त्या आदेशांची तपासणी झाली पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, पण ऐकण्याची चौकट तीच राहिली. आदेश सचिवाचा, तपासणी सचिवांच्याच समितीकडे. कुंपण, शेत आणि पंचनामा करणारा, सगळे एकाच घरचे!

ही तपासणी होते कशी, तेही पाहा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारातून मिळालेला आकडा आहे. एकटे केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश काढत होते. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश. आठ तास न उठता बसले तरी मिनिटाला तीसपेक्षा जास्त! आमच्या शिवारातली कापूस वेचणारी बाईसुद्धा प्रत्येक बोंड हातात घेऊन बघते.

बोंडातली अळी

आम्ही कृषी महाविद्यालयात कीडशास्त्र शिकलो. गुलाबी बोंडअळी लहानपणीच बोंडात शिरते. छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टपोरे. फोडल्यावर कळते की सरकी खाल्ली आहे. फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या प्रोग्रामची चाल अशीच आहे. फोन टॅप करणारा निदान वाटेवर बसून ऐकतो. हा घरात शिरतो. संदेश वाचतो, फोटो घेतो, फोन बंद वाटत असताना माईक चालू करतो. इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या 'पेगासस'ला तर तुम्ही कुठे बोट लावण्याचीही गरज पडत नाही. आपण हा माल फक्त सरकारांनाच विकतो, असे कंपनी स्वतःच सांगते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्यांना सावध केले, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समिती नेमली. तिने २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रोग्राम सापडला, पण तो पेगाससच आहे असे ठरवता आले नाही. आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले.

याच अळीची गावठी जात तर आपल्या गटांवर रोज फिरते. 'पीएम किसान'च्या नावाने एपीके फाइल येते. उघडली की संदेश वाचायची परवानगी मागते. बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. अशी फाइल उघडू नका, पुढे पाठवू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन लावा.

आता रुमाल सरकारकडे

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. आपली जमीन, आपले पीक, आपला आधार, सगळे एका धाग्यात ओवले गेले. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने सरकारला हव्या त्या आपल्या यंत्रणेला त्यातून सूट देण्याची सोय करून ठेवली. त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारात दुरुस्ती केली, ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज फेटाळणे आता अधिकाऱ्याला पूर्वीपेक्षा सोपे झाले. बाजारातला रुमाल आपण लढून काढला. तोच आता सरकारने आपल्या हातावर टाकला आहे, आणि हात उघडा राहिला तो आपला.

पूर्वी आमच्या सभेला साध्या वेशातला पोलीस येई. सतरंजीवर बसे, वहीत लिही, आमचाच चहा पिऊन जाई. तो दिसत होता. त्याच्यासमोर काय बोलायचे हे आम्ही ठरवत होतो. आता आंदोलनाच्या आदल्या रात्री कुणाच्या दारात नोटीस घेऊन जायचे, हे फोनवरून आधीच कळणार असेल, तर सभेचा हक्क उरला कुठे?

कोणी म्हणेल, मग बॉम्ब ठेवणाऱ्याचा फोन ऐकायचा नाही का? जरूर ऐका. पण न्यायाधीशाला कारण पटवून ऐका. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासात फोन ऐकायला १९६८ पासून न्यायाधीशाची परवानगी लागते आणि नंतर त्या माणसाला तसे कळवावेही लागते. म्हणून तिथले पोलीस काही आंधळे झाले नाहीत.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवत आहोत :

१. फोन ऐकण्याचा आदेश सचिवाने नव्हे, न्यायाधीशाने द्यावा.
२. मुदत संपल्यावर, ज्याचा फोन ऐकला त्याला ठराविक दिवसांत लेखी कळवावे.
३. खोटे नाव वा खोटे कारण लिहून आदेश घेणाऱ्यावर थेट गुन्हा व्हावा. त्यासाठी सरकारच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.
४. किती आदेश निघाले, याचा आकडा दरवर्षी विधानसभेत मांडावा.
५. शेतकरी ओळख क्रमांकाची माहिती कोणी, कधी, कशासाठी पाहिली, हे त्या शेतकऱ्याला पाहता यावे.

ताडकळसच्या त्या बाबांना आमचे उत्तर एवढेच. बाबा, लपवायला आपल्याकडे काही नाही, असे नाही. आपली गरज आहे, आपला भाव आहे, आपला पुढचा बेत आहे. ते कुणाला सांगायचे, हे आपण ठरवू.